परतीचं वजन

१

मगन मिस्त्रीचा दिवस तळहातावर सुरू व्हायचा. चहाच्या आधी तो हँडल मारून लाँचचं इंजिन चालू करी, मागच्या टोकाला जाऊन पालथा पडे आणि पाण्याकडे तोंड करून असलेल्या नळीखाली हात धरी. धूर आणि पाणी मिळून पिचकारी यायची, थांबायची, परत यायची. पाणी कोमट लागलं की ठीक. कढत लागलं तर आत काहीतरी तुंबलंय. आणि नुसताच कोरडा धूर आला तर त्या दिवशी माणसं काठावर बसवून ठेवायची आणि पाने-हातोडी काढायची. एवढी परीक्षा झाली की मग तो हात धुऊन चहाला जाई.

लाँच चुनीलालभाईंची. केळी-कापसाचे मोठे बागायतदार. सुरतेहून जुनी लाँच उचलून आणली आणि प्रकाशा गावच्या घाटाला लावली. देवाला येणारे, आपल्या माणसाच्या अस्थी तापीत सोडायला येणारे, बाजाराला जाणारे, सगळ्यांना या काठावरून त्या काठावर न्यायचं. गावातले लोक तिला मशिनची नाव म्हणत. मगन सुरतेच्या गोदीत शिकून आलेला, म्हणून मशीन त्याच्या ताब्यात आणि सुकाणू नवल नावाड्याच्या. नवल वयाने मोठा, बोलायला कमी आणि विडी ओढायला पक्का.

त्या इंजिनाला एकच रोग होता, एल्बो. एल्बो म्हणजे काय, तर हाताच्या कोपरासारखा वळलेला लोखंडी नळ. इंजिनातून पेटलेला धूर निघतो आणि इंजिन गार करून दमलेलं पाणी निघतं, त्या दोघांची गाठ त्या कोपरात पडते. आग आणि पाणी एकाच घरात नांदवायचं म्हटल्यावर ते घर टिकणार किती? गंज आतून खातो, बाहेरून काही कळत नाही, आणि मग एके दिवशी भोक पडतं. भोक पडलं की धूर आणि पाणी बोटीच्या पोटात. पाणी उलटं इंजिनात शिरलं तर इंजिन मेलं म्हणून समजा.

श्रावण लागला आणि नेमकं तेच झालं. लढाईचे दिवस; मुंबईला पत्र टाकलं तर उत्तर आलं की सुटे भाग विसरा. मगनने भोकावर पट्टी आवळली, मातीचा लेप दिला, पुन्हा पट्टी आवळली. लोखंड बिस्किटासारखं हातात आलं.

लाँच बंद पडून त्याला चालणार नव्हतं. त्याची बायको जमनाबाई पलीकडच्या काठावर माहेरी बाळंतपणाला गेली होती. आधीची दोन मुलं पोटातच गेलेली. ‘या खेपेला मी स्वतः माझ्या बोटीतून तुला घरी आणीन’ असं तो तिला सांगून बसला होता, आणि तापी चढायला लागली होती.

२

नव्या एल्बोसाठी तांबं नवलने आणलं, मगनच्याच सांगण्यावरून. गोणपाटात बांधून आणलं आणि इंजिनापाशी ओतलं. लहान लहान तांबे, कळकट, शेवाळलेले, काहींवर कोरलेली नावं.

‘‘घाटखाले भलते पडेल शेत,’’ तो म्हणाला. ‘‘बुडी मारी की हातले लागतस.’’

मगनला ते काय आहेत हे कळलं नाही असं नाही. प्रकाशाला राहणाऱ्या माणसाला ते कळतंच. ज्या तांब्यातून अस्थी आणल्या तो तांब्या परत घरी न्यायचा नसतो. अस्थी सोडायच्या, पाठोपाठ तांब्याही पाण्यात सोडायचा, आणि रिकाम्या हाताने घर गाठायचं. तळाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे तांबे गाळात बसले होते. लढाईत तांब्याची तार मिळेना आणि इथे पायाखाली तांबं लोळतंय, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता. तो मगनच्या आला आणि त्याला स्वतःचं कौतुकही वाटलं.

घाटाच्या पायरीवर भिकुबाई फुलं-कुंकू विकायची. तिने गोणपाट पाहिलं. ‘‘मिस्त्री, ते भांडं घर लई जातस नई.’’

‘‘मी कोठे घर लई जाई ऱ्हायनू, भिकूमाय? बोटले लावसू.’’

‘‘बोट तं घर येस ना,’’ ती म्हणाली आणि फुलांवर पाणी शिंपडायला लागली. मगन हसला.

तांबटाने ते तांबे कापले, ठोकून सपाट केले, वळवले, डाग देऊन जोडले. वळणावर ठोकताना एकदोन नावं आतल्या बाजूला गेली, ती तशीच राहिली. काम सुरेख झालं होतं. तांबटाने हात दोनदा धुतले आणि मजुरी जमिनीवर ठेवायला सांगितली. मगनने एल्बो बसवला, सांध्यात दोरी भरली, नट आवळले, हँडल मारलं आणि मागे जाऊन पालथा पडला. पाणी कोमट होतं.

३

बोट जाताना झकास गेली. पलीकडे माणसं उतरली, परतीला कुणी नव्हतं, म्हणून मगन आणि नवल दोघेच निघाले. अर्ध्या पात्रात मगन सहज कठड्यावरून वाकला आणि वाकलेलाच राहिला.

बोटीच्या अंगावर पांढऱ्या रंगाचा पट्टा होता. रिकामी बोट असली की पट्टा पाण्याच्या चांगला वर राही. माणसं गच्च भरली की पाण्याला टेके. आता पट्टा पाण्याखाली गेला होता.

पाणी शिरलं, दुसरं काय. त्याने धावत जाऊन पोटातल्या फळ्या उचलल्या. खाली कोरडं होतं. हात फिरवला तर धूळ लागली. मग पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याचा सांधा पाहिला, तोही कोरडा. बोटीच्या बुडाला गाळ चिकटला असेल? पण गाळ काय जाताना सुटतो आणि येताना चिकटतो?

‘‘नवलदा, बोट जड लागी ऱ्हायनी का?’’

नवलने विडी काढली नाही. ‘‘पूर शे,’’ एवढंच म्हणाला.

पुराने पट्टा बुडत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. घाटाला लागल्यावर फळी टाकली आणि मगन मुद्दाम आतच थांबला. पट्टा हळूहळू वर आला. एकदम नाही, जरासा, मग जरासा, माणसं एकामागून एक उतरतात तसा.

आता मगन काही भित्रा माणूस नव्हे. गोदीत त्याने बुडालेल्या जहाजांच्या पोटात काम केलं होतं. त्याने स्वतःला सांगितलं, रंगाचा पट्टाच तिरपा असेल. दुसऱ्या दिवशी त्याने खडूने नवी रेघ मारली. जाताना रेघ वर, येताना रेघ खाली. त्या दिवसापासून तो कठड्यावरून वाकेनासा झाला.

४

पण कान बंद करता येत नाहीत ना. इंजिनाच्या दोन ठोक्यांमध्ये जी जागा असते, तिथे पूर्वी पाणीच वाजायचं. आता परतीला तिथे दुसरं काही वाजे. कापड कापडाला घासल्याचं. कुणीतरी बूड सरकवून बसल्याचं. एकदा स्पष्ट खोकला आला, म्हाताऱ्या माणसाचा, तोंडावर हात धरून दाबलेला. मगनने मागे पाहिलं तर बाकं रिकामी होती आणि ओली होती.

त्याने एल्बोवर हात ठेवला, तो आधाराला म्हणून. ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्याने काय केलंय. चालू इंजिनाच्या एल्बोवर हात ठेवला की कातडं तिथंच राहतं. एल्बो गार होता. विहिरीतून काढलेल्या कळशीसारखा गार. बाजूचं इंजिन तापून तेल उकळत होतं, आणि मधे वीतभर जागा.

असेल, पाणी जास्त फिरत असेल, तांब्याला गारवा लवकर लागतो. त्याने अशी बरीच कारणं जमवली. एकही कारण त्याच्या हाताला पटलं नाही.

घाटाला लागल्यावर भिकुबाईने टोपली ओढून घेतली, गुडघे जवळ घेतले, वाट करून दिली. मगन एकटाच तर उतरत होता, आणि तोही अजून फळीवरच होता. ती जरा थांबली, मग आणखी जरा थांबली, आणि मग टोपली परत पुढे सरकवली.

‘‘कोनले वाट दिधी, भिकूमाय?’’

‘‘उतरतस ना लोके.’’

‘‘कोन लोके? बोट रिकामी उनी.’’

तिने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, कीव आल्यासारखं. ‘‘त्यास्ले घर जानं शे, मिस्त्री. तू आणी ऱ्हायना तं ते येवावतच. पन त्यास्ना घरे आते कोठे शेत? पायरीवर बसतस, वाट देखतस.’’

मगनने त्याच दुपारी पाना घेतला, एल्बो सोडवला, गोणपाटात गुंडाळला आणि बोटीच्या कोपऱ्यात ढकलून दिला. आत काजळी असायला हवी होती. तांबं लख्ख होतं, आणि आतून थेंब थेंब पाणी गळत होतं. लाँच बंद, असं त्याने चुनीलालभाईंना कळवलं. त्यांनी शिव्या दिल्या. त्याला त्या शिव्या गोड लागल्या, खरंच सांगतो.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या काठावर लाल लुगडं बांबूला बांधून कुणीतरी हलवत होतं. ती खूण मगनचीच होती. त्यानेच सासूला सांगून ठेवलेली, की काही वाईट असलं तर लाल दाखवा.

पोहणारा एकजण भोपळ्याला धरून, वाहत वाहत खूप खाली लागला आणि निरोप घेऊन चिखलातून चालत आला. जमनाबाईला मुलगा झाला. मुलगा ठीक. तिला ताप, अंगाला हात लाववत नाही असा. बडबडतेय. नंदुरबारची वाट नाल्याने खाल्ली, गाडी जात नाही. शहाद्याचा डॉक्टर हाच आता आधार, आणि शहादा प्रकाशाच्या बाजूला. साध्या नावा त्या पाण्यात टिकणार नाहीत, हे न सांगताही दिसत होतं. मधल्या धारेला झाडं मुळासकट चालली होती.

मगन त्या गोणपाटापाशी जाऊन बसला. जुना लोखंडी एल्बो त्याने आधी हातात घेतला. बघावं तरी, म्हणून पट्टी आवळली. लोखंडाचा उरलेला भागही पडला. मग तो रडला. मोठा माणूस, हात तेलाने काळे, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. पहिल्या मुलाच्या वेळी जमना त्याला म्हणाली होती, ‘तुम्ही जवळ ऱ्हाता तं मन्हं काही व्हतं नई’. आणि तो तेव्हा सुरतेला होता.

त्याने तांब्याचा एल्बो काढला आणि बसवला. नट आवळताना बोटं आखडत होती, इतका तो गार.

नवल न बोलावता येऊन सुकाणूवर उभा राहिला. भिकुबाई पायरीवरून उठून पाण्यापर्यंत आली. ती कधी इतकी खाली येत नसे.

‘‘जाताना ते तांबं ने,’’ ती म्हणाली. ‘‘येताना ते आणू नको.’’

‘‘मंग येऊ कसा?’’ मगन म्हणाला. आणि त्याने हँडल मारलं.

६

जाताना बोट पिसासारखी गेली. सासू, नानीबाई, कमरेइतक्या पाण्यात उभी होती. चौघांनी खाट उचलून आत ठेवली, इंजिनाच्या शेजारी, तिथे वारा लागत नाही म्हणून. बाळ त्यांनी ठेवून घेतलं; असल्या पाण्यात तान्ह्याला कोण घालणार?

‘‘जवाई, पोरगीले सांभाळा,’’ नानीबाई म्हणाली. मग तिने खाटेवरचा हात काढून घेतला.

जमनाबाईने हिरवं लुगडं नेसलं होतं, बाळंतिणीचं. तिने डोळे उघडले. मगनला ओळखलं. हसलीसुद्धा.

‘‘नाक तुमनंच शे त्यानं,’’ ती म्हणाली. ‘‘डोया मन्हा शेत.’’

‘‘बोलू नको. डॉक्टरकडे जातस आपन.’’ तो इंजिन आणि खाट यांच्या मधे गुडघ्यावर बसला. एक हात तिच्या कपाळावर, एक इंजिनाच्या वेगाच्या दांडीवर. कपाळ भाजत होतं.

काठ सुटला आणि बोट बसली. बसली म्हणजे कशी, तर बाकावर कुणी धपकन बसावं तशी. मग आणखी बसली. नवलने वरून एकदाच हाक मारली, ‘‘मिस्त्री.’’ मगनने वर पाहिलं नाही. कठड्यावरून पहिलं पाणी आत आलं, ओंजळभर. इंजिन कण्हू लागलं. दोन ठोक्यांमधली जागा आवाजांनी भरून गेली. कुजबुज, पोरांची किरकिर, बांगड्या, ‘आलं का, आलं का’ असं काहीतरी. नीट ऐकायचं नाही, असं त्याने ठरवलं.

जमनाबाई चुळबुळली. तिने पाय पोटाशी घेतले.

‘‘ऐकता का,’’ ती हळू आवाजात म्हणाली, पाहुण्यांसमोर बोलावं तशी. ‘‘यास्ले जरा सरकाले सांगा ना. मले जागा नई.’’

मगनने खाटेकडे पाहिलं. खाटेवर ती एकटी होती. खाटेच्या सुतळ्या मात्र दोन्ही बाजूंनी दबल्या होत्या.

७

मधली धार आली तेव्हा पाणी कठड्यावरून थांबून थांबून नव्हे, सारखंच येत होतं. आणखी थोडा वेळ आणि सगळं संपणार. मगनने पाना घेतला.

चालू इंजिनाचा एल्बो कुणी काढत नाही. काढला तर धूर आणि उकळतं पाणी तोंडावर, आणि बोटीच्या पोटात श्वास घ्यायला जागा नाही. हे तो शिकाऊ लोकांना ओरडून सांगायचा. त्याने खाटेवरची घोंगडी जमनाबाईच्या तोंडावर ओढली. पहिला नट फिरला, दुसरा फिरला, तिसऱ्याने बोटाचं कातडं नेलं. एल्बो हातात आला, मणभर वजनाचा. त्याने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला, इंजिनाच्या खोलीच्या दारापर्यंत नेला आणि तापीत टाकला.

बोट वर उसळली. नवल सुकाणूवरून खाली पडला, इतकी उसळली. धुराचा लोट आत भरला आणि कढत पाणी मगनच्या मांडीवर आलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या धुरात त्याला पाठी दिसल्या. दाराकडे चाललेल्या, वाकलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. एल्बोच्या मागोमाग कठड्यावरून एकेक उतरत होती, कुरकुर न करता. सगळ्यात शेवटी हिरव्या पदराचं टोक दारातून गेलं.

तो किंचाळत खाटेकडे वळला. जमनाबाई खाटेवर होती. घोंगडी वरखाली होत होती. हिरवं लुगडं तिच्या अंगावर होतं. धुरात काय वाटेल ते दिसतं, तो स्वतःशी म्हणाला, आणि हसला, आणि खोकला.

उघड्या तोंडाने इंजिन ढोल बडवल्यासारखं वाजत होतं. त्याने गोणपाट ओलं करून भोकासमोर धरलं, हात भाजले तरी धरलं. नवलने बोट घाटाला आणून आदळली आणि इंजिन शेवटचा ठोका देऊन थांबलं. 

मगनने घोंगडी बाजूला केली. कपाळाला हात लावला. ताप नव्हता. अंग घामाने ओलं, गार. ताप उतरताना घाम येतोच की. ‘‘उतरना,’’ तो नवलला म्हणाला, ‘‘ताप उतरना, नवलदा,’’ आणि त्याला हुंदका आला. जळलेल्या हातांनी त्याने देवाला नमस्कार केला. कुठल्या देवाला, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

जमनाबाई उठून बसली. कुणी हात द्यायच्या आत खाली उतरली, फळीवरून नीट चालत गेली. लोक पाहत राहिले. चारच घटकांपूर्वी जिची आशा सोडली होती ती बाई. मगन मागून धावला.

‘‘जमना, दम खाय. वर गाडी उभी शे. डॉक्टरले दखाडू, मंग पाणी उतरनं की पोऱ्याले लई येसू.’’

ती थांबली. वळली. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि पदर पुढे ओढून अर्धा चेहरा झाकला, परक्या पुरुषासमोर बाई झाकते तसा.

‘‘कोना पोऱ्या, भाऊ?’’ ती म्हणाली. आवाज जमनाचाच होता. ‘‘माले चोपडानी वाट दखाड. भलता दिन व्हयनात, घरना लोके वाट देखत व्हतीन.’’

चोपड्याला जमनाचं ना माहेर होतं, ना सासर. ती पाठ फिरवून पायऱ्या चढू लागली. तिच्या मागे प्रत्येक पायरी ओली होत गेली. वर बैलगाडी जुंपून उभी होती, आणि गाडीवान मगनला हाक मारून विचारत होता, पेशंट हीच का म्हणून.